माया न धरता

करंगळीला दोरा गुंडाळलेला होता — काळा, दुपदरी, कोटाच्या बटणासाठी मेण लावलेला — आणि तो तिथे आहे हे तिला कळलं ते डोळ्यांनी. बोटाने काही सांगितलं नव्हतं. बोटाचं टोक जांभळट झालं होतं. म्हणजे दोरा चांगलाच आवळला गेला असणार, बऱ्याच वेळापासून असणार, आणि आपण आपलं टाका घालतोय, ओढतोय, टाका घालतोय... तिने दोरा सोडवला. कातडीवर तीन वळसे उमटले होते. ते तिने अंगठ्याने चोळले. अंगठ्याला करंगळी कळत होती, करंगळीला अंगठा कळत नव्हता. आपल्याच घराच्या दारात उभं राहून हाक मारावी आणि आतून ओ येऊ नये — आत माणूस आहे, चपला बाहेर दिसताहेत, तरी ओ नाही — तसं काहीतरी.

सोमवार होता. गेले चार महिने सोमवार असाच उगवत होता: रविवारी सकाळी पन्नास किलोमीटर सायकल, आणि सोमवारी उजव्या हाताची शेवटची दोन बोटं परगावी. सुरुवातीला ती दुपारपर्यंत परत यायची. मग मंगळवारी यायला लागली. मागच्या आठवड्यात तर शुक्रवार उजाडला, आणि त्याआधी गुरुवारी एका कोटाचं अस्तर कापताना कात्री अर्धं बोट पुढे निघून गेली. कात्रीच्या खालच्या भोकात जी बोटं बसतात त्यांतली नेमकी ही दोन. आत जाणारं अस्तर होतं, जोड देऊन निभावलं, गिऱ्हाइकाला कधी कळणार नाही. पण कापडाला कळलं होतं, आणि तिला. तीस वर्षांत कात्री एकदाही तिला न विचारता पुढे गेली नव्हती.

तिचं दुकान म्हणजे एक खोली: दोन मशीन, कापण्याचं लांब टेबल, आणि पुरुषभर उंचीचा एक आरसा, ज्यात गिऱ्हाईक स्वतःला पाहतं आणि ती फक्त गिऱ्हाइकाची पाठ पाहते. लोकांची मापं काढण्यात आयुष्य गेलं माझं — हा तिचा ठरलेला विनोद. तोंडाने नाही हो, टेपने, असं ती पुढे जोडायची. नवं गिऱ्हाईक हसायचं, हसलं की रोखलेला श्वास सुटायचा, आणि मग छातीचं खरं माप मिळायचं. तिला सगळे मास्तरीण म्हणत. तिची थोरली बहीणसुद्धा मास्तरीणच, पण शाळेत खेळ शिकवणारी. तेव्हा घोटाळा नको म्हणून ओळखीपाळखीत थोरली झाली शिट्टीबाई आणि धाकटी कात्रीबाई. शिट्टीबाई उंच, सरळ, खोलीत शिरली की खोली आखूड वाटावी अशी. कात्रीबाई तिच्या कानाच्या पाळीला लागते न लागते. ताई तिला टाचणी म्हणायची. लहानपणी किडकिडीत होती म्हणून. पुढे धंदाच तसा निघाला आणि नाव खरं झालं.

आज बारा वाजता सायकलवाल्याकडे जायचं होतं. ताईही येणार होती. तिने बटण अर्धंच ठेवलं, सुई गादीत खोचली — खोचली गेली की नाही ते वाकून पाहिलं — आणि कुलूप लावून चालत निघाली. सायकल काल दुपारपासून त्याच्याकडेच होती.

ती सायकल ताईची. बारीक चाकांची, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल असलेली, लांब पल्ल्याची, राखाडी. ताईने नोकरीतून बाहेर पडल्यावर घेतली होती आणि सहा वर्षं ती जणू तिच्या अंगालाच फुटल्यासारखी चालवली. मग गेल्या वर्षी कंबरेच्या हाडाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला, पोहा, काय वाटेल ते करा, पण सायकलवर टांग टाकायची नाही. ताईने ते ऐकून घेतलं, घरी आली, आणि आठ दिवसांनी धाकटीला बोलावून म्हणाली — हे तिने कसं म्हटलं ते धाकटीला शब्दाशब्दाने आठवत होतं, कारण ताई एवढं सलग क्वचित बोलते —

“टाचणे, ही तू ने. परक्याच्या ढुंगणाखाली ही मी जाऊ देणार नाही. आयुष्यात माझ्या मापाची म्हणून घेतलेली वस्तू ही एकच.”

तेव्हा हसू आलं होतं. रस्त्याने चालताना आता ते हसू कुठे गेलं ते सापडेना. एकच वस्तू... खरंच की. ताईचं तरी कधी काय मापाचं होतं? आई थोरलीचं सगळं वाढत्या अंगाचं शिवायची. पहिलं वर्ष ताई झग्यात हरवलेली असायची, बाह्या बोटांच्या पुढे. दुसऱ्या वर्षी दोन-तीन महिने तो झगा अगदी नीट, जणू हिच्यासाठीच ढगातून पडला. आणि नीट बसू लागला, ताई जरा आरशापुढे रेंगाळू लागली, की आई म्हणायची, आता आखूड होईल हा, धाकटीला होऊ दे. म्हणजे दोघींपैकी कुणालाच... मला तर वाटायचं की ताईचं सगळं ताईचं होतं. तिचं फक्त आधी होतं.

आई शिवताना गुणगुणायची. तिचंच जुळवलेलं काहीतरी, सुईच्या येण्याजाण्यावर:

थोरलीचा झगा गं, धाकटीला झाला,
टाका उसवला, टाका घातला.

नवव्या वर्षी तिने ताईचा शाळेचा झगा स्वतः उसवला. आईला ताप होता, उद्या शाळा होती, झगा पायात येत होता. ब्लेडच्या अर्ध्या पात्याने एकेक टाका काढला, बाजू आत घेतली, खालून दुमडलं, आणि सकाळी आईने उलटसुलट करून पाहत म्हटलं, अगं, हिच्या हातात आहे. मग सगळ्या घराने म्हटलं. पाहुण्यांनी म्हटलं. लोक शिवण शिकतात तेव्हा आधी शिवायला शिकतात; मी आधी उसवायला शिकले. ताईचे झगे, ताईचे सदरे, नोकरीच्या मुलाखतीला ताईचा कोट — त्याच्या खांद्यातली भरताड काढून उतरवलेला — सगळं मी मापात आणलं. एवढं सफाईने की कुणी विचारलं नाही, तुला हिरवा आवडतो का. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. माझं अंथरूण कायम लांबच होतं. पायच कमी पडायचे.

ही सायकलही तशीच आणली होती मापात. म्हणजे आणू पाहिली होती. सीट खाली घेतली. हँडल पुढे धरणारा आडवा तुकडा काढून त्याहून आखूड घातला, मग त्याहून आखूड. तरीही हँडल लांबच. दर रविवारी ती त्या हँडलकडे पोहोचायची. पोहोचल्यावर तिथे टिकून राहायची. आणि टिकून राहण्याचा सगळा भार तळव्यांवर, तळव्यांच्या बाहेरच्या कडेवर, बोटांत. घरी आल्याबरोबर ताईचा फोन. कशी पळाली? चढावर सुस्कारली का? उतारावर तिला सोडून द्यायचं, घाबरायचं नाही, ती सांभाळते. आणि ती सांगायची, छान पळाली गं ताई. खोटं नव्हतं ते. सायकल छानच पळत होती.

सायकलवाल्याने एक छापील कागद दिला होता: घरी घ्यायची मापं. अनवाणी उभं राहायचं, पाठ भिंतीला, पावलांत वीतभर अंतर. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांत धरून, खोगिरावर बसल्यासारखं, हाडाला लागेपर्यंत वर दाबायचं. पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर रेघ. रेघेपासून जमिनीपर्यंत माप. मग धड, मग हात, मग खांदे. खाली गणितही दिलेलं: पायाच्या आतल्या मापाला शून्य पूर्णांक सदुसष्टने गुणलं की सायकलच्या चौकटीचा आकार. एवढं ते सोपं होतं, आणि मापाच्या बाबतीत तिला कुणी शिकवावं असं काही नव्हतं. शनिवारी सकाळी तिने मापं घेतली, इंचात — सेंटीमीटर तिच्या हाताला येत नाहीत — आणि कागद देऊन आली. संध्याकाळी त्याचा फोन आला, जरा गोंधळलेला. गणिताने चोपन्न येते, मावशी, आणि सायकल चोपन्नचीच आहे. म्हणजे ही तुमचीच साइज. मग हात का बधिर होताहेत? ताईला हे कळवलं तेव्हा ताई म्हणाली होती, बघ, मी म्हणत नव्हते? तिच्या आवाजात काय आनंद होता. आणि सायकलवाला म्हणाला होता, कागदाला बसतेय पण अंगाला बसत नाही असं कसं होईल. सोमवारी या, मी स्वतः घेतो मापं.

हे सगळं असंच पडून राहिलं असतं तरी चाललं असतं, असं तिला सायकलवाल्याच्या दारात वाटलं. भिजत घोंगडं. सोमवार ते शुक्रवार दोन बोटं नाहीत तर नाहीत... पण मग कात्री.

ताई आधीच येऊन बसली होती. काठी मांडीवर आडवी, पाठ सरळ, आणि सायकलवाला ज्या तऱ्हेने कुणाच्या तरी चाकात हवा भरत होता ते तिला पसंत नव्हतं, हे तिच्या हनुवटीवरून कळत होतं. खोलीत रबराचा आणि तेलाचा वास. वर आकड्यांना टांगलेली चाकं, दाराच्या झुळकीने अर्धा-अर्धा वेढा घेऊन परत फिरणारी. मागच्या भिंतीवर, कमरेच्या खालच्या पट्ट्यात, पेन्सिलीच्या आडव्या रेघाच रेघा — येऊन मापून गेलेल्या सगळ्या पायांच्या.

“बसा मावशी,” सायकलवाला म्हणाला. “म्हणजे उभ्या राहा. आज तुमची मापं काढतो.”

“काढा. सगळ्यांची काढून झाली, माझीच राहिली होती.”

तो हसला. पस्तिशीचा, चष्मा दोरीने गळ्यात, बोलताना बोटं सतत कापडाला पुसणारा. चपला काढून ती भिंतीशी उभी राहिली. फरशी गार होती. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला, डोकं... आणि एकदम तिच्या लक्षात आलं की हे आपण कधी केलेलं नाही. हजारो माणसांना म्हटलं असेल, सरळ उभे राहा, श्वास सोडा, नेहमीसारखे राहा. नेहमीसारखं म्हणजे कसं हे कुणी विचारलं नाही आणि तिला सांगता आलं नसतं. त्याने जाड पुस्तक तिच्या हातात दिलं आणि स्वतः तोंड फिरवून उभा राहिला, भला माणूस. रेघ ताईंना मारू द्या, म्हणाला.

ताईने खुर्ची भिंतीशी ओढली आणि बसल्या जागेवरून पेन्सिलीचा हात लांब केला. तिचा हात नेहमीच पुरायचा. फळीवरच्या डब्याला, झाडाच्या फांदीला, बसच्या दांड्याला... थांब गं, माझा हात पुरतो.

“वर दाब,” ताई म्हणाली. “आणखी. हाडाला लागू दे. उडीचं माप आहे असं समज.”

ती उडीचं माप कसं घ्यायची ते धाकटीने पाहिलं होतं. शाळेच्या मैदानात, वाळूत गुडघे टेकून, मुलगी कितीही लाडकी असो — टाचेचा मागचा ठसा, तिथूनच. एक बोट इकडे नाही, तिकडे नाही. मुली रडायच्या. ताई म्हणायची, वाळू खोटं बोलत नाही, तर मी का बोलू. आणि इथे मी — मी जे माप घेते त्यात नेहमीच थोडं... गिऱ्हाइकाचं पोट असतं, जेवण असतं, पुढचं वर्ष असतं. मी माणसाला मापात पकडत नाही, त्याला जागा ठेवते.

पेन्सिल भिंतीवर सरकली. ती बाजूला झाली. सायकलवाल्याने टेपचं टोक जमिनीला धरलं, ताईने वरचा आकडा वाचला.

“शहात्तर. वर दोन मिलिमीटर.”

सायकलवाल्याने कागद पाहिला. मग चष्मा लावून पाहिला. यात ऐंशी होतात, म्हणाला, साडेएकतीस इंच लिहिलंय. हे तर तीस इंच आहे. परत मोजू. परत मोजलं. ताईने परत तोच आकडा वाचला, तितक्याच कोरडेपणाने, जणू मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या कुणालातरी सांगत असावी. शहात्तर, दोन.

दीड इंच. तिला ते कळलं तेव्हा प्रथम हसूच यायला लागलं. दीड इंच हा काही चुकीचा आकडा नव्हे. पॅंट कापताना खाली दीड इंच सोडतात, दुमडायला, आणि उद्या लांबवावी लागली तर सोडायला. तिचा हात टेपवरून आकडा उचलतो आणि कागदावर ठेवेपर्यंत त्यात दीड इंच घालतो, विचारत नाही. तीस वर्षं घालतोय.

“माया धरली मी,” ती म्हणाली. “मापात माया धरली.”

सायकलवाल्याला कळेना. ताईने सांगितलं त्याला: शिवणाऱ्या बायका कापड जरा जास्त ठेवतात ना आत, त्याला म्हणतात माया. आणि मग ताई हसायला लागली, काठी हातातून घसरेपर्यंत. “अगं, स्वतःच्या तंगडीला माया? सायकल काय धुतल्यावर आटणार होती?” तोही हसला. तिघेही हसले. हसता हसता तिला शनिवारची सकाळ दिसत होती. तिच्या घरची भिंत, रेघ, टेप, तीस. नंतर कागद, पेन, साडेएकतीस. मध्ये काय होतं? हातच होता का नुसता? गणित तर कागदावर छापलेलं होतं, शून्य पूर्णांक सदुसष्ट, आणि गुणाकार मला येतो, तोंडी येतो, आणि सायकलच्या नळीवर चोपन्नचा आकडा चिकटवलेला चार महिने रोज दिसत होता... हात माझा सवयीचा आहे म्हणून मी त्याच्यावर ढकलते. पण त्या सवयीला नेमका हाच दिवस कसा सापडला? धडाच्या मापाला नाही धरली माया. हाताच्या मापाला नाही.

ताईचं हसणं आधी थांबलं. ते थांबलेलं तिला पाठीमागूनही कळलं.

शहात्तर पूर्णांक दोनला गुणून सायकलवाल्याने आकडा काढला: एक्कावन्न. मग समजावून सांगितलं, बोटं पुसत. सीट, हँडल, सगळं पुढेमागे होतं, पण ते थोडं. वरची नळी लांब असली की लांब. ती कापून आखूड होत नाही. मावशी जितक्या पुढे ओढल्या जातील तितका भार हातावर, आणि ते असंच चालू राहिलं तर बोटं एक दिवस परत येणार नाहीत. हातांचं काम करता तुम्ही, मी आणखी काय सांगू. त्याच्याकडे एक एक्कावन्नची आहे, निळी, फारशी न चालवलेली, एका नर्सबाईंची. त्यांना ती आखूड पडते आणि त्या चोपन्नच्या शोधात आहेत. संध्याकाळी पाचला येणार आहेत. दोघींनी हो म्हटलं तर नुसती अदलाबदल. नाहीतर त्या दुसरीकडे बघतील. हे सगळं तो तिला सांगत होता, पण पाहत होता ताईकडे. आणि मग त्याला आत काहीतरी शोधायचं आठवलं आणि तो आत गेला.

राखाडी सायकल भिंतीला टेकलेली होती. ताईने हात लांब करून तिच्या वरच्या नळीवर ठेवला. तिथे एक चरा होता, अंगठ्याएवढा. तो कधी पडला, कुठल्या उतारावर, हे ताईने तिला दोनदा सांगितलं होतं आणि तिला आठवत नव्हतं.

“थोडी आणखी खटपट करता येईल,” ताई म्हणाली. “तू काहीही मापात आणतेस.”

हे कौतुक होतं. आयुष्यभर हेच कौतुक झालं होतं, याच शब्दांत, आणि ते ऐकलं की तिच्या आत एक लहान मुलगी ब्लेडचं पातं घेऊन उठून बसायची — हो, आणते की, द्या इकडे. आताही ती उठली. तिने पाहिलं तिला उठताना. नऊ वर्षांची, रात्रभर उसवून डोळे लाल झालेली, शाबासकीची वाट पाहणारी. आणि तिच्याबद्दल दया यावी तर राग आला. कुणाचा ते कळेना. आईचा नाही. ताईचा... ताईचाही नाही, ताई तर आपल्या एकुलत्या मापाच्या वस्तूवर हात ठेवून बसली होती. मग त्या सफाईचाच असेल, त्या हातातल्या गुणाचा, ज्याने इतक्या वर्षांत कुणाला कळूच दिलं नाही.

“ताई,” ती म्हणाली, “ही उसवत नाही गं.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. वरच्या चाकाने अर्धा वेढा घेतला.

माया कशाला ठेवतात? नव्या शिकाऊ मुलींना ती सांगायची — चूक झाकायला नाही गं, उद्यासाठी. माणूस वाढतं, रोडावतं, दिवस बदलतात. शिवणीच्या आत दुमडलेलं कापड असलं की उसवून सैल करता येतं, नाहीतर अख्खं कापड फाटतं. बाहेरून ते दिसत नाही. कितीदा जुने कोट तिच्याकडे येतात, मालकाला वाटतं यात काही उरलं नाही, आणि ती बाजू उसवते तर आत दोन-दोन बोटं कापड, ऊन न लागलेलं, मूळ रंगाचं. आम्हा दोघींच्या मधली शिवण कधी उसवलीच नाही कुणी. एकदाही नाही म्हटलेलं नाही मी हिला. मग आत किती आहे, आहे की नाही, मला काय ठाऊक... आणि हिला तरी काय ठाऊक. मी समजत होते ते जपणं होतं. नुसतं घाबरणंही असेल. शिवण उसवली आणि आत काहीच निघालं नाही तर, म्हणून.

सायकलवाला निळी घेऊन आला. मागचं चाक त्याने जमिनीवरच्या घोडीत अडकवलं, सीट ठोकून नव्या मापाला बसवली, आणि म्हणाला, बसून तर बघा, बसल्याने काही होत नाही.

बसल्याने काही होत नाही. तिने ताईकडे पाहिलं. ताई खिडकीकडे पाहत होती. तिने टांग टाकली — इतकी सहज गेली की पाय पलीकडे आल्यावर ती क्षणभर तशीच, बाकी राहिलेल्या उंचीची वाट पाहत — आणि बसली, आणि हात पुढे नेले, आणि हँडल तिथेच होतं.

ती पोहोचली नाही. पोहोचण्यासारखं काही नव्हतंच. कोपर किंचित वाकलेले राहिले, तळवे टेकले ते दाबून नाही, मेजावर हात ठेवून गप्पा माराव्यात तसे. आणि खांदे खाली आले. ते वर होते हेच तिला माहीत नव्हतं. कानांपासून इतके दूर आपले खांदे राहतात... तिने पाय मारले. मागचं चाक घोडीत घुमायला लागलं. एक, दोन, दहा वेढे. छान वाटायला हवं होतं, आणि दंड मात्र बारीक थरथरत होते. ओझं नेताना हात थरथरत नाहीत. खाली ठेवल्यावर थरथरतात. काय खाली ठेवलं मी? कुणाचं होतं? तिला वाटलं मागे वळून पाहावं, आपण जिथे नेहमी असायचो तिथे आता कोण आहे, आणि वळलं तर हे सगळं मोडेल असंही वाटलं. ती वळली नाही. समोर भिंत होती, भिंतीवर रेघा, त्यांत कुठेतरी एक ताजी. कोणती ते इथून ओळखू येत नव्हतं.

काठी टेकल्याचा आवाज झाला. ताई उठली होती. हळूहळू येऊन ती बाजूला उभी राहिली, आणि तिची नजर आपल्या पाठीवरून, कोपरांवरून, गुडघ्यांवरून फिरतेय हे धाकटीला अंगावर कळत होतं — आयुष्यभर मुलींच्या धावण्याकडे पाहिलेली नजर, तिच्यापासून काही लपत नाही. बराच वेळ ताई पाहत राहिली. मग, खोलीतल्या दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, तिने विचारलं,

“पुरतंय का गं तुला?”

हात पुरतात का, असं असेल. किंवा नुसतंच, पुरतंय का. उत्तर एकच होतं आणि ते तिच्या तोंडात आलेलंही होतं. त्याच्यामागे रांगेने ठरलेली सगळी वाक्यंही उभी होती: हो गं, पण तुझीच जास्त छान पळते; हो, पण बघू, घाई काय; हो, पण तू म्हणशील तसं. वाक्यं एकेक करून पुढे येत होती, आणि ती त्यांना पाहत होती, आणि पाय फिरत होते. त्यांतलं एकही वाक्य तिला लावावंसं वाटत नव्हतं. एवढंसं उघडं ‘हो’, आजूबाजूला काही न सोडलेलं, कडेवर कापलेलं... ते ताईच्या हातात दिलं तर कसं लागेल, हे तिला माहीत नव्हतं. आणि ते माहीत नसताना ती पाय मारत राहिली, खांदे खाली, श्वास नेहमीसारखा.